लिमयेबाईंनी न पाहिलेला मोनॅको

बहात्तराव्या वाढदिवसाला मुलाने दिलेली भेट सरोजिनीबाई लिमयांनी कागद फाडून उघडली, आणि आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय असं त्यांना वाटलं.

हातभर रुंदीचा, कॅनव्हासवर छापलेला फोटो होता. मागे मोनॅकोचा राजवाडा, पुढे मोकळा चौक. डावीकडे रुचिर, त्यांचा मुलगा. उजवीकडे प्रणिता, सून. मध्ये दहा वर्षांची नात इरा, टोपी उलटी घातलेली. आणि इराच्या शेजारी, जांभळ्या साडीत, हसत उभ्या असलेल्या त्या स्वतः.

साडी त्यांचीच होती. चष्मा त्यांचाच. पण मोनॅको त्यांनी पाहिला नव्हता. जूनमध्ये इराच्या शाळेला सुट्टी लागल्यावर सगळे रुचिरच्या सिंगापूरच्या घरून फ्रान्सला गेले होते, हे खरं. नीसला आठ दिवस राहिले होते, हेही खरं. पण ज्या दिवशी बाकीचे तिघं मोनॅकोला गेले, त्या दिवशी सरोजिनीबाई नीसच्या भाड्याच्या घरात होत्या आणि मशीनमधले कपडे काढून दांडीवर वाळत घालत होत्या. निदान त्यांना तरी तसं आठवत होतं.

सांगलीला त्यांची थोरली बहीण मालती हल्ली पोटच्या मुलीला 'आपण कुणाकडच्या?' असं विचारते. तिचीही सुरुवात अशीच झाली होती. जाऊन आलेल्या लग्नाला मी गेलेच नाही म्हणायची, आणि फोटो दाखवला की त्याच्याकडे अशीच बघत राहायची. सरोजिनीबाई दहा-पंधरा सेकंद तो फोटो धरून नुसत्या उभ्या राहिल्या. गेलो होतो का आपण? जाऊन, पाहून, हसून आलो आणि सगळं पुसलं गेलं? 

मग त्यांची नजर फोटोतल्या पायांवर गेली. तिघांच्या पायांशी काळ्याभोर आखूड सावल्या होत्या, तिन्ही एकाच बाजूला पडलेल्या. त्यांच्या पायांशी काहीच नव्हतं. नुसतं लख्ख ऊन.

"हा कुणी केला?" त्यांनी विचारलं.

रुचिर खुशीत होता. नीसच्या समुद्रकाठी काढलेल्या फोटोतून आईला उचललं आणि इथे आणून उभं केलं, असं त्याने सांगितलं. त्यासाठी एक अ‍ॅप असतं, दोन मिनिटांचं काम. जोडलंय हे कळतसुद्धा नाही. प्रणिताने केक पुढे केला. इराने इंग्रजीतून वाढदिवसाचं गाणं म्हटलं. सरोजिनीबाईंनी केक कापला, सगळ्यांना भरवला, आणि आपल्याला इतका राग का येतोय हे त्यांना स्वतःलाच नीट सांगता येईना.

चौतीस वर्षं त्यांनी सांगलीच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. वर्गात युरोपचा नकाशा टांगला की त्या मुलींना मोनॅको शोधायला लावायच्या. जगातला दुसऱ्या नंबरचा लहान देश. नकाशावर तो टिंबाएवढाही नसतो. नाव जमिनीवर मावत नाही म्हणून समुद्रात छापतात आणि तिथून एक बारीक रेघ ओढतात. मुली दरवर्षी समुद्रातच बोट ठेवायच्या. दोन चौरस किलोमीटर, बाई सांगायच्या, सकाळी चहा पिऊन एका टोकाकडून निघालात तर दुसरा चहा उकळायच्या आत देश संपला. मी एकदा तो चालत पार करणार आहे. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीने ऐकलं होतं.

म्हणून जेव्हा रुचिरने नीसचं ठरवलं, तेव्हा बाईंनी दोन महिने तयारी केली होती. सिंगापुरात बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये, इरा शाळेत आणि बाकी दोघं ऑफिसला गेले की त्या टॅब्लेटवर मोनॅकोच्या गल्ल्या पाहत बसायच्या. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, पहारेकऱ्यांची बदली बाराला पाच कमी असताना होते, चढणीच्या जागी सरकारने लोकांसाठी लिफ्ट बसवलेल्या आहेत, हे सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं.

आणि आदल्या संध्याकाळी रुचिर म्हणाला होता, आई, तुझा गुडघा. तिथे फार चढ आहे. ऊन आहे. बाईंनी लिफ्टचं सांगितलं, तर तो म्हणाला की बऱ्याच लिफ्ट सध्या दुरुस्तीसाठी बंद आहेत, त्याने नेटवर पाहिलंय.  गुडघा दुखत होता हे काही खोटं नव्हतं. त्यांनी वहीचं पान फाडून रुचिरला दिलं, काय काय पाहायचं त्याची यादी. तिघं आठच्या गाडीने गेले आणि संध्याकाळी फ्रिजला लावायचं एक चुंबक घेऊन परत आले. तो सबंध दिवस बाई आपल्या गुडघ्याला शिव्या देत होत्या. एकदा तर त्यांनी खुर्चीत बसून त्यावर मूठही मारून घेतली होती.

वाढदिवसाच्या दुपारपर्यंत फोटो सगळीकडे गेला. रुचिरने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून कुणीतरी बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर. चाळीस-पन्नास मेसेज आले. बाई, अखेर गेलात. बाई, आज वर्गातला नकाशा आठवला. इचलकरंजीच्या एका मुलीने, म्हणजे आता तिलाही नातू होता, एकच प्रश्न विचारला होता: बाई, चालत पार केलात का हो देश? किती वेळ लागला?

सरोजिनीबाईंनी उत्तर टाईप केलं. पुसलं. पुन्हा टाईप केलं. रुचिरला खोटं पाडल्याशिवाय खरं लिहिता येईना. शेवटी त्यांनी फोन उशीखाली ठेवून दिला. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलींचे नकाशे फाडले होते, दुसरीच्या वहीवर ट्रेसिंग पेपर ठेवून काढलेले म्हणून. त्याच मुली आता त्यांचं अभिनंदन करत होत्या.

दुसऱ्या दिवशी इराला स्कूलबसवरून घरी आणताना त्यांनी सहज विचारलं, की त्या दिवशी तिथे खूप चढावं लागलं का ग तुला? इरा व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, खांबाला वळसा घालत होती. आजीकडे वळूनही न पाहता ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"नो लाह, आजी. लिफ्ट एव्हरीव्हेअर. वी नेव्हर क्लाइम्ब ऑल्सो." मग तिला आणखी आठवलं. एका लिफ्टमध्ये तर एअरकॉन होता आणि व्हीलचेअरवर बसलेली एक आजीसुद्धा होती, खूप म्हातारी, तुझ्यापेक्षा ओल्ड.

बाईंनी तिचं दप्तर हातात घेतलं. घरी येऊन तिला दूध दिलं, पोळीचा लाडू दिला. स्वयंपाकघरात जाऊन पातेलं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

रुचिर आंग मो किओ भागातल्या एका टेक कंपनीत मॅनेजर होता. सहाच्या सुमाराला तो घरी आला, बूट काढत होता, तेवढ्यात बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझा गुडघा दुखतो म्हणून नेलं नाहीस ना?"

"हो ना, आई. किती वेळा सांगू?"

"लिफ्ट चालू होत्या."

रुचिरने इराच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, की असतील चालू, त्याने पाहिलं तेव्हा बंद दाखवत होतं. आणि आता ते उकरून काय उपयोग? तिला नेता आलं नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं, म्हणून तर त्याने एवढा फोटो करून घेतला. दुकानात तीनदा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या कुठल्या मुलाने केलं असतं?

"वाईट तुला वाटलं, आणि खोटं मी बोलायचं?"

"कोण सांगतंय तुला खोटं बोलायला? गप्प राहा. सगळ्यांना वाटतंय तू गेलीस, वाटू दे. कुणाचं काय जातंय?"

त्या म्हणाल्या, सगळ्या ग्रुपवर लिही की हा फोटो जोडलेला आहे. तो म्हणाला, उगाच तमाशा. आणि मग, दिवसभर मीटिंगा करून आलेला माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात, तो जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेला.

"तू ना आई, प्रत्येक गोष्टीचा तास घेतेस. कुठेही जा, काहीही पाहा, तुझा तास सुरू."

तो आत गेला. बाथरूमचं दार लागलं. सरोजिनीबाई तिथेच उभ्या राहिल्या, आणि कालपासून नुसता घोंघावणारा त्यांचा राग एका जागी येऊन बसला. गुडघा नाही, तर हे.

त्याच आठवड्यात विवेकचा फोन आला. विवेक हा रुचिरचा मित्र. इथल्या वीस-पंचवीस मराठी कुटुंबांचा एक ग्रुप होता, महिन्यातून एका रविवारी ते जमायचे. कुणी गायचं, कुणी आपल्या कामाविषयी बोलायचं, मग खाणं. विवेकने फोटो पाहिला होता. त्याचं म्हणणं, काकूंनी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मोनॅकोवर वीस मिनिटं बोलावं, मुलांना भूगोलही कळेल आणि मराठीही कानावर पडेल. रुचिरने परस्पर हो म्हणून टाकलं होतं.

"तुला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे," तो बाईंना समजावत होता. "आम्ही नुसते हिंडलो. तू सांग ना, तू सांगितलेलंच सगळ्यांना आवडेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ज्या तोंडाने तो तास घेतेस म्हणाला होता, त्याच तोंडाने आता तास घे म्हणत होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

"बोलेन," त्या म्हणाल्या. "पण जे खरं आहे तेच बोलेन. चालेल?"

"अर्थात," रुचिर म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. त्याला वाटलं, त्या क्षेत्रफळाविषयी बोलतायत.

रविवारी चार वाजता विवेकच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये तीस-चाळीस माणसं जमली. काचेच्या भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव होता. मोठी माणसं खुर्च्यांवर, मुलं पुढे गालिच्यावर. कोपऱ्यातल्या टेबलावर साबुदाणेवड्यांचे डबे झाकून ठेवलेले. रुचिरने स्वतः प्रोजेक्टर जोडला आणि पहिलंच चित्र म्हणून तो फोटो लावला. भिंतभर मोठे झालेले ते चौघं, आणि त्यांच्या समोर खऱ्या सरोजिनीबाई, पांढऱ्या साडीत. विवेकने दोन शब्दांत ओळख करून दिली, की काकू नुकत्याच मोनॅको पाहून आल्या आहेत.

बाई उठल्या. मुलं समोर बसलेली दिसल्यावर त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

"या फोटोत एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "कोण शोधेल?"

मुलं पुढे सरकली. एकाने सांगितलं, झेंडा उलटा आहे. एकीने सांगितलं, इराची टोपी उलटी आहे. लोक हसले. रुचिर हसला नाही. तो प्रोजेक्टरपाशी उभा होता, त्याने आईकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. बाईंनी ते पाहिलं.

अनुया नावाची आठ वर्षांची मुलगी गुडघ्यांवर उठून भिंतीजवळ गेली आणि तिने फोटोतल्या फरशीवर बोट ठेवलं. "सगळ्यांना शॅडो आहे. या आजीला नाहीये."

"शाबास. आता का नाही ते सांगा. ऊन आहे की नाही? आहे. मग सावली गेली कुठे?" त्या क्षणभर थांबल्या. "आपल्याकडे सिंगापूरला वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी भर दुपारी आपली सावली आपल्या पायाखाली जाते, दिसत नाही. आमच्या सांगलीलाही मे महिन्यात तसं होतं. पण मोनॅको आहे त्रेचाळीस अंश उत्तरेला. तिथे सूर्य डोक्यावर कधी येतच नाही. कुठल्याही दिवशी, कितीही वाजता, उन्हात माणूस उभा असेल तर त्याची सावली पडणारच. मग या बाईची का पडली नाही?"

मुलं भिंतीवरच्या पायांकडे पुन्हा पाहू लागली. मागे मोठ्या माणसांनीही खुर्च्यांवरून माना उंचावल्या.

"कारण ती बाई तिथे नव्हती," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मी मोनॅको पाहिलेला नाही. मी त्या दिवशी नीसला घरी होते. माझ्या मुलाने मला नेलं नाही, आणि मागाहून फोटोत घातलं. मी पाहून आले असं तुम्हाला सांगितलं गेलं, ते खोटं आहे. तुम्ही मला वीस मिनिटं दिली होती, माझं तेवढंच सांगून झालं."

त्या खाली बसल्या.  मग विवेकने घाईघाईने चहाचं जाहीर केलं आणि खुर्च्या सरकू लागल्या. रुचिरने केबल ओढली, भिंत पांढरी झाली. केबल गुंडाळताना त्याचे कान लाल झालेले बाईंना दिसले. लहानपणी शाळेत शिक्षा झाली की त्याचे कान असेच व्हायचे, आणि त्याची आई शेजारच्याच मुलींच्या शाळेत शिकवत असल्यामुळे ते तिला मधल्या सुट्टीत कळायचं. त्यांना क्षणभर उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं. त्या उठल्या नाहीत.

एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, काकू, घरातलं घरात ठेवायचं असतं हो. सरोजिनीबाईंनी त्यांना विचारलं, की तो फोटो भिंतीवर मी लावला होता का? त्या बाई वडे आणायला निघून गेल्या. मग लेकीकडे आलेले कमलाकर नावाचे एक गृहस्थ खुर्ची ओढून शेजारी बसले. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा शर्ट. हातातल्या बशीकडे पाहत, ओठ फारसे न हलवता ते म्हणाले, "मला स्वित्झर्लंडला तीन तास बसमध्ये बसवून ठेवलं होतं. वर थंडी आहे म्हणाले." आणि लेक या बाजूला येताना दिसली तसे ते मोठ्याने साबुदाणेवडा छान झालाय म्हणू लागले. सरोजिनीबाईंना त्यांची कीव यायला हवी होती. त्यांना त्यांचाही रागच आला.

परतताना टॅक्सीत रुचिर पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. बुकित बातोकच्या ब्लॉकवर नॅशनल डेसाठी झेंडे लटकवायला सुरुवात झाली होती. "आर वुई इन ट्रबल?" इराने हळूच विचारलं. प्रणिताने तिचा सीटबेल्ट नीट केला.

सोमवारी रुचिर न खाता ऑफिसला गेला. प्रणिता त्या दिवशी घरून काम करत होती. दहाच्या सुमाराला तिने लॅपटॉप मिटला, दोन कप चहा केला, आणि स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी बाईंच्या समोर येऊन बसली. बाईंनी मनाशी ठरवलं होतं, ही भांडायला आली तर ऐकून घ्यायचं नाही.

"आई, गुडघ्याचं कारण मी काढलं होतं," प्रणिता म्हणाली. "रुचिर तुम्हाला नेणार होता. मी म्हटलं, एक दिवस नको."

बाईंनी आपला कप बाजूला सरकवला.

"लग्नाला बारा वर्षं झाली. मी भाजी चिरते ती जाड असते. मी इराशी बोलते ते मराठी चुकीचं असतं. नीसला पहिल्या दिवशी मी म्हटलं समुद्र किती निळा आहे, तर तुम्ही मला भूमध्य समुद्राचा खारटपणा सांगितलात. बरोबरच असतं तुमचं सगळं. पण मला एक दिवस असा हवा होता की मी काहीतरी चुकीचं बोलेन आणि कुणी दुरुस्त करणार नाही. एवढंच होतं. फोटोचं मला आधी माहीत नव्हतं. कळल्यावर मी त्याला थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. ते माझं चुकलं."

सरोजिनीबाईंच्या तोंडावर आलं होतं की जाड चिरलेली भाजी आत कच्ची राहते. त्यांनी ते गिळलं.  बारा वर्षं आपण हिला शिकवतोय, मदत करतोय असं त्या समजत होत्या, आणि ही एकेक मोजत बसली होती. त्यांना चहाचा कप उचलायची इच्छा होईना.

"हे मला नीसला सांगायचं होतंस," त्या शेवटी म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही चिडला नसता?"

"चिडले असते. दिवसभर तोंड फुगवून बसले असते. पण तुझ्यावर चिडले असते, प्रणिता. तुम्ही मला माझ्या गुडघ्यावर चिडायला लावलं. मी त्याला मारून घेतलं त्या दिवशी, माहीत आहे?" त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो खाली आणला नाही. "आणि तो फोटो उघडला तेव्हा मला वाटलं मला मालतीसारखं झालं. मला वाटलं मी जाऊन आले आणि विसरले. माझ्या वाढदिवसाला, तुम्ही केक घेऊन समोर उभे, आणि मी मनात स्वतःचं नाव आठवून बघत होते."

प्रणिताचा हात टेबलावर होता, तो तिने मागे घेतला. मालतीमावशींना तिने गेल्या दिवाळीत पाहिलं होतं. 

"हे आमच्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली.

"नाही आलं ना? मग आता येऊ दे."

रुचिर त्या संध्याकाळी आला तेव्हा प्रणिताने त्याला आधी आत नेलं. काय बोलणं झालं ते बाईंना ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने तो फोन घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी आला. डोळे सुजल्यासारखे दिसत होते, पण चेहरा अजून घुम्मच. तो म्हणाला, सगळ्या ग्रुपवर लिहितोय, ऐक. आणि वाचू लागला: आईच्या फोटोबद्दल काही गैरसमज झाला आहे, तरी...

"गैरसमज कुणाचा?"

"म्हणजे, लोकांचा."

"लोकांनी समजायला काय केलं होतं? तू दाखवलंस ते त्यांनी पाहिलं. पुन्हा लिही."

तो तिथेच भिंतीला टेकून लिहू लागला. दुसऱ्या वेळी त्यात 'आईच्या तब्येतीमुळे' आलं. तेही बाईंनी काढायला लावलं. तिसऱ्या वेळी त्याने मान वर न करता वाचलं. "त्या दिवशी आम्ही आईला मोनॅकोला नेलं नव्हतं. ती येऊ शकत होती. फोटोत तिला मी घातलं. चूक माझी आहे."

"पाठव," बाई म्हणाल्या.

त्याने पाठवलं. मग तो त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, की रविवारी सगळ्यांसमोर करायची काय गरज होती, घरात सांगितलं असतं तर? बाईंनी त्याला आठवण करून दिली, की घरातच सांगितलं होतं, दारात, तो बूट काढत असताना. त्याने फोन खिशात ठेवला. जायला उठला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. अजून तेवढं झालं नव्हतं.

सांगलीला परतायचं ऑक्टोबरचं तिकीट त्यांनी ऑगस्टअखेरचं करून घेतलं. इरासाठी शाळेजवळच्या स्टुडंट केअरमध्ये, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरात, जागा मिळेपर्यंतच थांबते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कॅनव्हास भिंतीवरून उतरवला गेला, कुणी आणि कुठे नेला ते त्यांनी विचारलं नाही. इचलकरंजीच्या मुलीला त्यांनी स्वतः लिहिलं, की पार केलेला नाही, गेलेच नव्हते. तिचं उत्तर आलं: बाई, मग चिडला असाल फार. बाईंनी लिहिलं: हो.

त्या तीन आठवड्यांत घर काही गोड झालं नाही. पण एकदा बाई इराला 'ती गाडी' आणि 'तो गाडा' यातला फरक समजावू लागल्या, तेव्हा प्रणिता लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "आई, आत्ता नको." बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तरी त्या थांबल्या. रात्रीच्या जेवणाला प्रणिताने भाजी बारीक चिरली होती की जाड, ते त्यांनी पाहिलं नाही असं नाही. बोलल्या मात्र नाहीत.

चांगी विमानतळावर तिघंही सोडायला आले. इरा त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी होती, सोडत नव्हती. रुचिरने बॅगा आत दिल्या, बोर्डिंग पास आणून हातात ठेवला.

"आई, पुढच्या वर्षी नक्की नेतो तुला," तो म्हणाला. "फक्त मोनॅको. दोन दिवस."

सरोजिनीबाईंनी पास पर्समध्ये नीट ठेवला.

"नेऊ नकोस. जायचं झालं तर मी माझी जाईन. तुला यायचं असेल तर मला विचार."

"विचारलं तर येऊ देशील?"

"ते तेव्हा बघू," त्या म्हणाल्या, इराच्या गालावर हात फिरवला, आणि एकट्याच आत निघाल्या.